विकेंडच्या मसल कारचा सायलेन्सर: आधी टेप, मग कान

फोनवर क्लिप ऐकली, अंगावर काटा आला, ऑर्डर दिली, बॉक्स आला की गाडी घेऊन वेल्डरकडे. बहुतेक सायलेन्सर याच क्रमाने घेतले जातात आणि फसतातही याच क्रमाने. महिन्याभरात तक्रारी ठरलेल्या: बायपासवर शंभरच्या वेगाला शेजारच्याशी बोलता येत नाही, कॉलनीच्या स्पीडब्रेकरवर पाइप घासते, पीयूसी होत नाही, ‘३०४’ (स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड) म्हणून घेतलेल्या पाइपेवर दुसऱ्या पावसाळ्यात तांबडे ठिपके. या चारही गोष्टी पैसे देण्याआधी तपासता येतात. त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो. आवाजाची क्लिप आणि टिपचा, म्हणजे पाइपेच्या मागच्या तोंडाचा, आकार सगळ्यात शेवटी.

खालची मापं मुख्यतः फोर्ड मस्टँग जीटी धरून दिली आहेत. २०१६ पासून भारतात अधिकृतपणे विकली गेलेली, ५.० लिटर व्ही-८, सुमारे ४०० पीएसची गाडी. इंदुरात रविवारी सकाळी पोहे-जलेबी आटोपून मांडू-महेश्वरकडे निघणाऱ्यांत जुन्या हिंदुस्तान कॉन्टेसावालेही असतात. त्यांच्या गाडीचं गणित वेगळं, म्हणून ते जागोजागी वेगळं सांगितलं आहे.

## टप्पा १: गाडी रस्त्यावर चालवायची की फक्त ट्रॅकवर?

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरचा आहे: तो हवाच, आणि त्याने आवाज कमी करायला हवा. धूर कुठून सोडायचा तेही ठरलेलं आहे. तोंड खाली किंवा डाव्या बाजूला नको, मागे किंवा उजवीकडे हवं. म्हणजे दाराखाली दोन्ही बाजूंना तोंडं काढणारी अमेरिकन पद्धतीची साइड-एग्झिट जोडी इथे पहिल्याच फटक्यात बाद. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडल्यास कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

‘परदेशात रोड-लीगल आहे’ हे वाक्य इथल्या चौकात कामाला येत नाही. ‘बटण दाबलं की शांत होतो’ हेही नाही. व्हॉल्व्ह बंद असताना आवाज किती, हा एक प्रश्न. बसवलेला भाग मंजूर आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

रस्त्यावरच्या गाडीसाठी आमचं मत सरळ आहे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, पुढे नुसतं ‘कॅट’) हात लावायचा नाही, आवाज मूळच्या जवळपास ठेवायचा, आणि भाग निवडण्याआधी आरटीओ व विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारायचं. विम्याला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळीच नेमका वर येतो.

सावधान: मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका आणि कापूही नका. खाजगी पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, विकतानाही गिऱ्हाईक मूळ भाग मागतं. तोंडं कापडाने बांधून, आतलं पाणी निथळवून, कोरड्या जागी ठेवा.

## टप्पा २: आहे त्या गाडीची मापं घ्या

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. एक सकाळ लागते आणि खर्च जवळपास शून्य.

जमिनीपासूनची उंची. टाकी भरलेली, पुढे दोन माणसं बसलेली, टायरमध्ये ठरलेली हवा. अशा गाडीखाली सायलेन्सरचा सर्वांत खालचा बिंदू शोधा आणि टेपने मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असतो. कॉलनीतले रहिवाशांनी हौसेने घातलेले ब्रेकर यापेक्षा आखूड आणि टोकदार असतात, आणि लांब व्हीलबेसची गाडी त्यांच्यावर नेमकी मधोमध टेकते. म्हणून रोजच्या वाटेवरचे दोन सर्वांत वाईट ब्रेकर पट्टी लावून मोजा. नवीन सिस्टिमचा खालचा बिंदू आत्ताच्या बिंदूपेक्षा १० मिलिमीटरहून जास्त खाली येणार असेल, तर ती सिस्टिम नको.

बाहेरचा आवाज. मोकळी जागा, आसपास भिंत नाही. माइक टिपपासून अर्धा मीटर अंतरावर, टिपच्या उंचीला, धुराच्या रेषेशी ४५ अंशांत. धुराच्या थेट झोतात धरलात तर आकडा खोटा येतो. मस्टँगसारख्या गाडीला ३,७५० आरपीएमवर स्थिर धरून रीडिंग घ्या आणि मग पाय सोडा. तीनदा घ्या. फोनचं अॅप खरं डेसिबल मीटर नव्हे. पण तोच फोन, तीच जागा, तेच अंतर ठेवलं तर आधी आणि नंतरचा फरक कळतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे. साधारण १० डेसिबल वाढ कानाला दुप्पट आवाज वाटते.

आतला आवाज. यासाठी गाडी चालवावी लागते. बायपासवर ८०, ९०, १०० अशा स्थिर वेगांना टॉप गिअरमध्ये आरपीएम किती, ते शेजारच्या माणसाला लिहायला सांगा. आपण तासन्‌तास ज्या आरपीएमवर बसतो तो आकडा हाच. पुढे टप्पा ५ मध्ये सगळं यावर फिरतं.

पीयूसी आणि कोड. ओबीडी स्कॅनर लावून साठलेले एरर कोड पाहा, ताजी पीयूसी करून प्रिंट ठेवा. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. सुमारे २,५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण, ०.९७ ते १.०३. सायलेन्सरवाल्याने लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे हा लॅम्डा.

तपासणी: एका कागदावर पाच आकडे हवेत: उंची, बाहेरचा आवाज, क्रूझिंगचा आरपीएम, लॅम्डा आणि मूळ पाइपेचा बाहेरचा व्यास. हा कागद नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: कुठून मागे बदलायचं?

तीन पर्याय. अॅक्सल-बॅक म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मागचे मफलर आणि टिप. कॅट-बॅक म्हणजे कॅटच्या मागचं सगळं. फुल सिस्टिम म्हणजे इंजिनच्या डोक्यापासून, हेडर (इंजिनातून धूर बाहेर घेणाऱ्या पाइपा) धरून.

विकेंडच्या गाडीला दहापैकी आठ वेळा अॅक्सल-बॅक पुरतं. आवाजाचा पोत बदलतो, कॅट, रेझोनेटर (खरखर मारणारा जादा डबा) आणि ऑक्सिजन सेन्सर जागेवर राहतात, मूळ भाग परत लावायला अर्धा दिवस लागतो. ताकद वाढत नाही. वाढते असं सांगणारा बॉक्स विकतोय.

कॅट-बॅक घ्यायचा तो क्रॉसओव्हर (दोन्ही बाजूंच्या पाइपांना जोडणारा दुवा) किंवा रेझोनेटर बदलायचा असेल तरच. फुल सिस्टिम रस्त्यासाठी विसरा. त्यात एक खास भारतीय अडचणही आहे. अमेरिकन बनावटीचे लाँग-ट्यूब हेडर डाव्या स्टिअरिंगसाठी वाकवलेले असतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्ट नेमका त्या पाइपांच्या वाटेत येतो. वर्ष आणि मॉडेल जुळलं तरी स्टिअरिंगची बाजू जुळत नाही, आणि मागवलेला बॉक्स परत अमेरिकेला पाठवणं परवडत नाही.

## टप्पा ४: पाइपेचा व्यास

मोठी पाइप म्हणजे जास्त ताकद, हा समज जाता जात नाही. धुराचा वेग राहायला हवा. पाइप गरजेपेक्षा मोठी झाली की वेग पडतो, खालच्या आरपीएमचा ओढा जातो आणि केबिनमधलं घुमणं वाढतं. त्याचबरोबर ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतं’ हेही खरं नाही. इंजिनाला कमी अडथळा आणि पुरेसा वेग, दोन्ही हवेत.

दोन पाइपांच्या सिस्टिमला ढोबळ हिशेब असा: २.२५ इंच साधारण ३७० अश्वशक्तीपर्यंत, २.५ इंच साधारण ४६० पर्यंत, ३ इंच साडेसहाशेच्या पुढेही. ४०० पीएसच्या मस्टँगला २.५ इंच जोडी पुरून उरते. सुपरचार्जर नसताना ३ इंच मागवणाऱ्याने पैसे देऊन ड्रोन, म्हणजे केबिनमधलं घुमणं, विकत घेतला.

कॉन्टेसाचं १.८ लिटर इसुझू इंजिन ९० अश्वशक्तीच्या आतबाहेर. तिला १.७५ इंचाची एकच पाइप पुरते, फार तर २ इंच. मागे दोन जाड टिप हव्याच असतील तर पाइप एकच ठेवून शेवटी दोन तोंडं काढा.

बेंडही बघा. मँड्रेल बेंडमध्ये वळणावर पाइप गोल राहते. साध्या मशीनवर वाकवलेली वळणावर चेपते, आणि २.५ इंचाचे पैसे देऊन दोन इंच मिळतात. परीक्षा सोपी आहे: आतल्या व्यासापेक्षा तीन-चार मिलिमीटर लहान चेंडू एका टोकातून सोडा, दुसऱ्या टोकातून अलगद बाहेर यायला हवा. ३ इंची पाइपेला टेनिसचा चेंडू साधारण चालतो.

## टप्पा ५: आवाज कुठे घडतो

टिपमध्ये नाही. दुहेरी भिंतीची, तिरपी कापलेली, काळी किंवा चकचकीत, कुठलीही टिप घ्या, आवाजावर परिणाम नगण्य. आवाज तीन जागी घडतो.

क्रॉसओव्हर. मस्टँगसारख्या क्रॉस-प्लेन व्ही-८ मध्ये एकाच बाजूच्या सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. ती ओळखीची ‘गडगड’ त्या विषमतेची आहे. दोन्ही बाजूंना जोडणारा एच-पाइप ती बरीचशी राखतो, आवाज खर्जातला राहतो. एक्स-पाइप दोन्ही बाजूंचे ठोके मिसळतो, आवाज गुळगुळीत आणि वर जाताना तीव्र होतो. काहीच जोड नसलेली सरळ जोडी रस्त्याच्या गाडीत घालू नका, ड्रोन हमखास.

मफलर. चेंबरवाल्यात पत्र्याचे कप्पे असतात. आवाज भरदार येतो, झीज कमी, पण घुमण्याकडे कल. स्ट्रेट-थ्रूमध्ये भोकांची नळी आणि भोवती काचलोकर किंवा स्टील वूल. वाट मोकळी, आवाज स्वच्छ, पण स्वस्त मालात लोकर जळून-उडून जाते आणि आवाज महिन्यागणिक वाढतो. विकत घेताना आत बोट घालून भोकांमागे काय आहे ते बघा. भोकांमागे लगेच लोकर दिसली तर आयुष्य कमी. मध्ये स्टीलच्या जाळीचा थर असेल तर बरं. लांबी शक्य तितकी जास्त घ्या, १४ इंचाच्या जागी १८ बसत असेल तर १८.

रेझोनेटर. पैसे वाचवायला पहिली कात्री याच्यावर चालते. नका चालवू. ठरावीक पट्ट्यातला खरखरीत आवाज मारणं हे त्याचं काम, आणि ते मफलरकडून होत नाही.

### ड्रोनचा हिशेब

ड्रोन म्हणजे ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये घुमणारा, छातीत बसणारा एकसुरी आवाज. तो बाहेर उभं राहून कळत नाही, क्लिपमध्ये तर नाहीच.

व्ही-८ मध्ये क्रँकच्या एका फेऱ्याला चार स्फोट होतात. म्हणून आरपीएमला १५ ने भागा, हर्ट्‌झ मिळतात. २,००० आरपीएमला सुमारे १३३ हर्ट्‌झ. कॉन्टेसासारख्या चार सिलिंडरला ३० ने भागायचं. टप्पा २ मधला तुमचा क्रूझिंग आरपीएम घ्या आणि हर्ट्‌झ काढा. नवीन सिस्टिम त्याच पट्ट्यात घुमत असेल तर इंदूर ते महेश्वर आणि परत म्हणजे शिक्षा.

इथे डेसिबल मीटर फसवतं. नेहमीचं ‘ए’ वजनाचं रीडिंग १२५ हर्ट्‌झच्या आसपास तब्बल १६ डेसिबल कमी दाखवतं. आकडा साधा, डोकं मात्र ठणकतंय. केबिनमध्ये ‘सी’ वजन लावा किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप घेऊन उंच सुळका कुठल्या हर्ट्‌झला आहे ते पाहा. हिशेबाचा आकडा आणि सुळका जुळला नाही तर सुळका खरा धरा.

उपाय जे-पाइपचा. मुख्य पाइपेला टी काढून एका टोकाला बंद असलेली नळी जोडायची. लांबी म्हणजे गरम धुरातल्या ध्वनीचा वेग भागिले चार पट हर्ट्‌झ. वेग साधारण ४५० ते ४८० मीटर प्रतिसेकंद धरा. १३३ हर्ट्‌झला ८५ ते ९० सेंटीमीटर येते. नळीचा व्यास मुख्य पाइपेइतका ठेवा. हिशेबापेक्षा पाच सेंटीमीटर जास्त लांब कापा, टोकाची टोपी आधी क्लॅम्पवर ठेवून पुढे-मागे सरकवा, सुळका पडला की मगच वेल्ड. दोन पाइपांना दोन नळ्या. मस्टँगखाली एवढी जागा शोधणं हे या कामातलं खरं डोकेदुखीचं काम आहे, म्हणून ड्रोन नसलेली सिस्टिम निवडणंच स्वस्त.

तपासणी: त्याच मॉडेलच्या, तोच मफलर लावलेल्या गाडीत आत बसून, काचा बंद करून, तुमच्या क्रूझिंग आरपीएमला वीस मिनिटं जा. चढावर हलका थ्रॉटल देऊन पाहा. मानपूरच्या पुढचा घाट याला उत्तम. सुपर कॉरिडॉरवर रात्री रेझ देऊन काहीही कळत नाही, चलान मात्र मिळतं.

## टप्पा ६: धातू ओळखा

विकेंडची गाडी रोजच्या गाडीपेक्षा लवकर आतून सडते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. गाडी दहा मिनिटं फिरवून बंद केली की ते मफलरमध्ये साचतं, आणि आम्लयुक्त असतं. रोजची गाडी पूर्ण तापते आणि पाणी उडून जातं. सहा दिवस उभ्या गाडीत ते तसंच राहतं. म्हणून इथे धातूवर पैसे घाला, टिपवर नको.

अॅल्युमिनाइज्ड स्टील स्वस्त, पण वेल्डच्या जागी थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम. त्याला चुंबक चिकटतो, वरवर तांबूस गंज येतो, पण पाइप टिकते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, दिसायला आणि टिकायला सर्वांत चांगलं.

फसवणूक ३०४ च्या नावावर होते. बाजारात २०२ भरपूर आहे, रेलिंग आणि फर्निचरसाठी. त्यालाही चुंबक चिकटत नाही. ‘चुंबक लावून दाखवतो’ या दुकानदारी परीक्षेला इथे काही अर्थ नाही. मँगनीज ओळखणाऱ्या चाचणी द्रवाचा थेंब टाका: २०० मालिकेच्या पत्र्यावर रंग लालसर होतो, ३०४ वर होत नाही. मोठी खरेदी असेल तर धातू ओळखणाऱ्या हातातल्या एक्स-रे यंत्रावर तपासून रिपोर्ट मागा. लोहा मंडीतून सुटी पाइप घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला का-कू झाली की समजा.

जाडी १.५ मिलिमीटर, निदान १.२. त्याखाली टिणटिण वाजते.

३०४ ची खोड म्हणजे ते जास्त पसरतं. ३ मीटर पाइप ३०० अंशांनी तापली तर सुमारे १५ मिलिमीटर लांब होते. हँगरला (पाइप लटकवणाऱ्या आधाराला) आणि जोडांना तेवढी मुभा नसेल तर वेल्ड तडकतो, किंवा टिप बंपरला टेकून प्लास्टिक वितळवते.

सावधान: मफलरच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं पाणी निचरायचं भोक आहे का बघा. नसेल तर पाडून घ्या. ‘लीक होईल’ म्हणून ते बुजवणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना सांगा, राहू दे.

## टप्पा ७: मागवायचं की इथेच बनवायचं

मागवताना दोन खर्च विसरले जातात. पहिला कुरिअरचं आकारमानी वजन: सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. कॅट-बॅकचा १५० × ६० × ४० चा खोका काट्यावर ३० किलोचा असला तरी बिल ७२ किलोचं येतं. दुसरा, कस्टम ड्यूटी नुसत्या मालाच्या किमतीवर नसते. भाडं आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर ती लागते, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. संकेतस्थळावरची किंमत बघून ‘घेऊन टाकू’ म्हणू नका.

विक्रेत्याला लेखी विचारायचं: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसतं का? कुठली वर्षं? मूळ पाइप कापावी लागते का? क्लॅम्प आणि गॅस्केट खोक्यात आहेत का? व्हॉल्व्ह असेल तर मूळ वायरिंगला जुळतो का? ‘युनिव्हर्सल फिट’ लिहिलेला मफलर म्हणजे वेल्डिंग तुमच्या माथी, एवढं समजून घ्या.

इथे बनवायचं असेल तर सायलेन्सरच्या दुकानापेक्षा सांवेर रोड किंवा पिथमपूरच्या बाजूला डेअरी-फार्माच्या स्टेनलेस पाइपलाइनी करणारा टिग वेल्डर शोधा. त्यांना आतून आर्गॉन सोडून वेल्ड करायची सवय असते. आर्गॉन न सोडता केलेल्या ३०४ च्या जोडाला आतून साखरेसारखे काळे दाणे येतात, आणि तडा तिथूनच जातो. ३०४ ला ३०४ जोडताना फिलर ३०८एल. स्टेनलेसला साधं लोखंड जोडताना ३०९एल. फिलर विचारल्यावर वेल्डर ‘जो पडा है वो चल जाएगा भिया’ म्हणाला, तर चहा पिऊन परत या.

## टप्पा ८: बसवण्याचा क्रम

१. आदल्या रात्री सगळ्या जुन्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा. थंड स्टडवर जोर केला की तो तुटतो, आणि हेडजवळचा तुटला तर दिवस गेला.

२. शक्यतो चार चाकं टेकलेल्या रॅम्पवर काम करा. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबतात आणि अॅक्सलजवळची जागा खोटी दिसते. कॉन्टेसाचा मागचा अॅक्सल अखंड असल्याने खड्ड्यात तो वर येऊन पाइपेला आपटतो, तिथे ही चूक महाग पडते. घरी करत असाल तर जॅकस्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

३. सेन्सर काढावाच लागला तर खाच असलेला सॉकेट वापरा. परत लावताना अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला नाही, आणि साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. नवीन जागी बसवताना सेन्सर आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर झुकलेला हवा, नाहीतर पाणी साचून आतलं सिरॅमिक फुटतं.

४. हँगरचे रबर साबणपाण्याने सरकवा. इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं.

५. सगळी सिस्टिम पुढून मागे, हाताने घट्ट होईल एवढीच जोडा. एकही क्लॅम्प पूर्ण आवळायचा नाही. बहुतेक वाकड्या टिपांचं कारण हेच, की पहिला जोड आधी आवळला.

६. आता जागा तपासा. बॉडी आणि सबफ्रेमपासून निदान १५ मिलिमीटर, प्रोपेलर शाफ्टपासून २५, ब्रेक होज व पेट्रोल लाइनपासून ५०, तेवढी नसेल तर हीट शील्ड. टिपभोवती चारही बाजूंना २० मिलिमीटर. मागच्या बाजूला आणखी थोडी, कारण पाइप तापून मागे सरकणार.

७. टिप सरळ केल्यावर पुढून मागे आवळत या. यू-बोल्ट क्लॅम्प पाइप चेपतो आणि ती पुन्हा निघत नाही. बँड क्लॅम्प वापरा. जोडाला पेस्ट लावायचीच तर सेन्सर-सेफ असलेलीच. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सर मारते.

८. वेल्डिंग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारी, त्याच पाइपेवर लावा. चिमटा चेसिसवर दूर लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा ईसीयूतून (इंजिनच्या कॉम्प्युटरमधून) वाट काढतो.

तपासणी: इंजिन लावण्याआधी स्टेनलेसवरचे बोटांचे ठसे अॅसिटोनने पुसा, नाहीतर ते कायमचे भाजून बसतात. अॅसिटोन उडून जाऊ द्या, मग चावी.

## टप्पा ९: पहिले शंभर किलोमीटर

इंजिन थंड असतानाच सुरू करून टिप जाड कापडाने क्षणभर दाबा. लीक असेल तर फुसफुस ऐकू येते, साबणपाणी मारलं की बुडबुडे दिसतात. कॅटच्या आसपासची लीक सर्वांत त्रासाची. धुराच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि पीयूसीचा लॅम्डा १.०३ च्या वर जातो. म्हणून नवीन सायलेन्सरवर पीयूसी फेल झाली तर आधी इंजिनाला दोष देऊ नका, जोड पाहा. पी ०४२० किंवा पी ०४३० कोड आला तर कॅटचा प्रश्न आहे. कॅट काढला नसेल तर पुन्हा आधी लीकच शोधा.

गाडी मोकळ्या जागेत तापवा. बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही, शटर अर्धं उघडं हा उपाय नव्हे. पहिल्या वेळी थोडा धूर आणि वास येतो, तो पाइपेवरच्या तेलाचा. वीस मिनिटांत जायला हवा. स्टेनलेसवर सोनेरी-निळी छटा येणं ठीक.

पूर्ण थंड झाल्यावर, आणि परत ८० ते १०० किलोमीटरनंतर, सगळे क्लॅम्प आवळून घ्या. मग टप्पा २ चा कागद काढून तीच मापं त्याच जागी घ्या: उंची, ३,७५० आरपीएमचा आवाज, लॅम्डा, आणि जोडीला टप्पा ५ मधला केबिनचा सुळका. बाहेरचा आवाज मूळपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढला असेल तर दुसरा रेझोनेटर घालायची तयारी ठेवा.

पुढे दर रविवारी गाडी काढाल तेव्हा सलग निदान अर्धा तास चालवा, म्हणजे मफलर तापून कोरडा होईल. सराफ्यापर्यंत जाऊन परत येणं यात धरू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा खाली वाकून निचऱ्याचं भोक तारेने मोकळं करा, आणि हँगरचे रबर चिरले आहेत का ते बघा.